मालतीवहिनींचं बोलावणं

रावसाहेब लाटकर पेढ्यांचा पुडा घेऊन गिरणीच्या दारात उभे राहिले तेव्हा आई ज्वारी दळत होती. पट्टा फिरत असला की आईला हवं तेवढंच ऐकू यायचं. रावसाहेबांनी दोनदा हाक मारली, पण ती काही तिला हवी असलेल्यांपैकी नसावी. बिचारे तसेच ताटकळले. घरमालक संघाचे अध्यक्ष, गावात चार इमारतींचे मालक, अंगात परीटघडीचा झब्बा. डबा भरून होईपर्यंत त्यांच्या मिशांवर पिठाचा थर बसला होता.

आईनं पट्टा उतरवला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बोला, रावसाहेब. दळण आणलंय?"

बाकावर बसलेल्या बायका हसल्या.

"दळण कसलं, शालनताई. नातू झाला, म्हटलं तोंड गोड करावं."

"श्रावणात झाला न्हवं त्यो? आता बसायला लागला असंल. पेढं आत्ता निघालं व्हय?"

रावसाहेबही हसले. मुरलेले होते. त्यांनी पुडा पुढं केला. आईनं तो घेतला, दोरा सोडला आणि बाकावरच्या पहिल्या बाईच्या हातात दिला. "घ्या गं सगळ्याजणी. घरमालक संघाकडनं हायत." पुडा बाकावरून फिरून रिकामा परत आला. तो तिनं नीट मिटून रावसाहेबांच्या हातात ठेवला.

"विषय पुढच्या सभेत येतोय, ताई," ते हळूच म्हणाले.

"येऊ दे की."

"सगळ्यांचं भलं बघून काय ते करा."

"बघतो की. ह्या बाकावरच्यांचं बघितलं की माझ्यापुरतं सगळ्यांचं झालं."

ते गेले. त्यांच्या झब्ब्याच्या पाठीवर पिठाचा पंजा उमटला होता. तो कुणी मारला ते मी सांगणार नाही, बाकावरच्या एका बाईनं मला शपथ घातली आहे.

माझी आई, शालन इंगवले, तेव्हा नगरसेविका होती. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि बोळातल्या बायकांनी तिला धरून उभी केली. वडील मी बालवाडीत असताना गेले. त्यांच्यामागं गिरणी आईनं चालवली, त्यामुळं सगळा वॉर्ड तिला डब्यांवरून ओळखायचा. समोर राहणारी तिची हौसाक्का तर प्रचारात घरोघरी सांगत फिरली, "शालनच्या हाताला पिठाबिगर काय चिकटत न्हाई." आणि ते खरं होतं. नगरपालिकेत ज्याचा विषय असेल त्याच्या घरचा चहासुद्धा आई घ्यायची नाही. एका ठेकेदाराच्या मुलीच्या लग्नाला ती गेली, अक्षता टाकल्या आणि उपाशी परत आली. मला मात्र जेवायला बसवलं होतं. माझं मत नव्हतं ना.

विषय असा होता. आमच्या गावात जुनं घर पाडून नवं बांधायचं तर मालकाला नगरपालिकेला लिहून द्यावं लागे, की आधीच्या भाडेकरूंना नव्या इमारतीत खोली देईन. तेवढं लिहून दिल्याशिवाय बांधकामाची परवानगी मिळत नसे. ही अट काढून टाका म्हणून घरमालक संघ दोन वर्षं नगरसेवकांचे उंबरे झिजवत होता. निम्मे वळले होते, निम्मे अडून बसले होते. आईचं एक मत ज्या पारड्यात पडेल ते खाली जाणार, हे गावातल्या पानपट्टीवाल्यालाही ठाऊक होतं.

अट गेली तर पहिली इमारत कुठली पडणार तेही ठाऊक होतं. आमच्या बोळातली, लाटकरांची. तिच्यात तळमजल्यावर दोन खोल्यांत हौसाक्का राहायची. नवरा अर्धांगानं अंथरुणाला खिळलेला, मूलबाळ नाही. आम्ही देवस्थानाच्या जागेत होतो, आमच्या केसाला धक्का लागणार नव्हता. पण मी लहानाची मोठी झाले ती हौसाक्काच्या चुलीपाशी. आई गिरणीत असली की मला ताट तिथंच वाढलेलं असायचं, आणि मासे असले तर मधला तुकडा माझा. आईच्या आणि तिच्या दारांमध्ये फक्त बोळाची रुंदी होती. आई गिरणीतून ओरडायची, "हौसाक्का, मीठ हाय का गं?" आणि समोरून मीठ यायचं. नुसतं मीठ नाही, बरोबर कालवणही यायचं.

त्या दिवशी पेढ्यांची हकिगत ऐकून हौसाक्का पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "शालन, ह्यास्नी उचलून मी कुठं नेऊ गं? तू हायस म्हणून झोप लागती मला."

"झोप की मग," आई म्हणाली.

संक्रांत झाली आणि मालतीवहिनी आल्या. रावसाहेबांच्या बायको. त्यांना मी गाडीतून जाताना पाहिलं होतं, आमच्या बोळात चालत आलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या आल्या, बाकावर दळणाच्या डब्यांशेजारी बसल्या, आणि आईचा डबा होईपर्यंत वाट पाहिली. रावसाहेबांसारख्या हाका मारल्या नाहीत.

"शालनताई, शुक्रवारी हळदीकुंकू आहे माझ्याकडे. यायचं."

आईनं हात पुसले. "सुवीला धाडतो की."

दरवर्षीचं हे असंच. बोळातल्या बायकांकडून बोलावणं यायचं ते मला. मी जायची, वाण घेऊन यायची, आणि निघताना कुणीतरी कागदात बांधून तिळगूळ द्यायचं, आईला दे म्हणून. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. नगरसेविका झाल्यावर तिला महिला मंडळाच्या हळदीकुंकवात समई लावायला नेलं होतं. समई लावली, दोन शब्द बोलली, आणि मंडळातल्या बायका कुंकवाची कोयरी शोधायला लागल्या तशी आई पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर येऊन चपला शोधायला लागली.

"सुवर्णाला आणाच," मालतीवहिनी म्हणाल्या. "पण बोलावणं तुम्हाला आहे."

"वहिनी, मी... तुम्हास्नी ठाऊक न्हाई का?"

"ठाऊक आहे."

 मग आईला तिचा नियम आठवला. "तुमच्या मालकांचा विषय हाय पालिकेत. मी येत न्हाई तसल्या घरी."

"विषय त्यांचा आहे. हळदीकुंकू माझं. पालिकेतलं एक अक्षर कुणी काढलं तर उठून जा, मी रागवणार नाही. चहा नका घेऊ. नुसत्या या."

त्या गेल्यावर आईनं पुढचं दळण घातलं आणि ते गव्हाच्या डब्यात बाजरीचं निघालं. असला घोळ करणारी बाई नव्हती ती. बाजरीवालीनं दोन शब्द सुनावले, तेही तिनं ऐकून घेतले.

शुक्रवारी दुपारी गिरणीला कुलूप लागलं. मी कॉलेजात होते, डोक्यात नवे विचार होते, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. गावात काहीतरी घडतंय आणि ते माझ्या आईपासून सुरू होतंय, असं वाटत होतं. आईनं ट्रंकेतून मोरपंखी साडी काढली, नेसली, सोडली, पुन्हा नेसली.

"लई भडक दिसतंय का गं?"

"नाही. चल."

लाटकरांच्या बंगल्यात पंचवीस-तीस बायका असतील. आई शिरली तशी कुजबूज झाली. कोचावरची एक बाई सरकून बसली, आणि ते जागा करून देण्यासाठी नव्हतं. मालतीवहिनी ताट घेऊन सरळ आईपुढं आल्या. हळद लावली. मग करंगळीशेजारच्या बोटानं कुंकू लावलं, सावकाश, ठसठशीत. आईनं डोळे मिटले होते. अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, तिळगूळ दिला.

"आता पदर धरा."

"ओटी?" आई म्हणाली. "माझी?"

"धरा ना."

आईनं पदर पुढं केला. खण, नारळ, सुपारी, ओंजळभर तांदूळ. पदर धरायची सवय मोडली होती म्हणून चार दाणे खाली सांडले, तर आई त्या गुळगुळीत फरशीवर खाली बसून ते वेचायला लागली. मालतीवहिनीही तिच्याबरोबर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या हो. ओटी भरली, आता हे तुमचं माहेर झालं."

एवढंच. शब्द दिल्याप्रमाणे पालिकेचं एक अक्षर निघालं नाही. रावसाहेब तर घरातच नव्हते.

परत येताना आईनं बाजारातला रस्ता धरला. तो लांबचा. एरवी ती वाऱ्यासारखी चालायची, मला पळावं लागायचं. त्या दिवशी बांगड्यांच्या दुकानापुढं थांबली, केळीवालीशी बोलली, भाव करून केळी न घेताच पुढं गेली. कपाळावर कुंकू. मी तिला इतकी देखणी कधी पाहिली नव्हती. आमच्या बोळाच्या तोंडाशी आलो आणि तिनं पदराचं टोक घेऊन कपाळ पुसलं. जोरानं पुसलं, कातडी लाल झाली.

"अगं का?"

"बोळात नको," ती म्हणाली. "हौसाक्काला वाईट वाटंल."

मला तेव्हा त्याचा अर्थ नीट लागला नाही. ओटीतला नारळ आईनं देवापाशी ठेवला. तो वाढवला नाही, खणाचं पोलकंही शिवलं नाही.

सभेच्या दिवशी हौसाक्का नवऱ्यापाशी शेजारणीला बसवून आली. निवडणुकीच्या गुलालाचे डाग पडलेलं लुगडं तिनं मुद्दाम नेसलं होतं. पालिकेच्या सभागृहात मागं लोकांना बसायला बाकं होती, तिथं ती माझा हात घट्ट धरून बसली. पुढच्या बाकावर घरमालक संघाची मंडळी होती. रावसाहेबांनी मागं वळून आम्हाला नमस्कारसुद्धा केला.

विषय वाचून झाला. अट काढण्याच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा. हात वर झाले. आईचा हात मांडीवरच होता. हौसाक्कानं माझ्या बरगडीत कोपर मारलं. "बघ, माझी वाघीण."

विरोधात असतील त्यांनी.

हात वर झाले. आईचा हात मांडीवरच.

"ऐकू आलं नसंल तिला," हौसाक्का म्हणाली. "गिरणीनं कान गेल्यात बाईचं." आणि उभी राहून तिनं खणखणीत हाक दिली. "शालन, हात! हात वर कर गं!"

सभागृह हसलं. शिपाई आमच्याकडं धावला. आई वळली नाही. नगराध्यक्षांनी विचारलं, "शालनताई इंगवले, आपलं मत?"

आई उठून उभी राहिली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही, पिठात घोळल्यासारखा आला.

"तटस्थ."

मतं सारखी झाली. सारखी झाली की नगराध्यक्षांचं मत निर्णायक, आणि ते कुणाच्या बाजूचे होते हे सांगायला ज्योतिषी नको. अट निघाली. पुढच्या बाकावर कुणीतरी टाळी वाजवली. हौसाक्का अजून उभीच होती.

घरी येईपर्यंत ती माझ्यापुढं भराभर चालत होती. आई आमच्या आधी येऊन गिरणीच्या पायरीवर बसली होती, कुलूप न काढता. हौसाक्का तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"किती घेतलंस?"

"हौसाक्का, देवाशपथ, काय घेतलं न्हाई."

"मग?"

"मी त्येंच्या बाजूनं हात केला न्हाई. बघितलंस न्हवं? तुझ्या विरोधात मी गेली न्हाई."

"तुझ्या न जाण्यानंच घर गेलं माझं. एवढं कळत न्हाई व्हय तुला? नगरसेविका हायस तू."

मी चढ्या आवाजात म्हणाले, "आई, सांग ना. कशासाठी?" मीही तिच्यावर चिडले होते.

आई हाताकडं बघत होती. मग म्हणाली, "मालतीवहिनींनी ओटी भरली माझी. जिनं ओटी भरली तिच्या घरावर हात कसा उचलू? माहेर झालं त्ये."

"ओटी?" हौसाक्का म्हणाली. "तुझी?"

ती काही वाईट हेतूनं म्हणाली नव्हती. तिला खरोखरच नवल वाटलं होतं. पण आईच्या तोंडावर कुणी मारल्यासारखं झालं.

"व्हय. माझी," आई म्हणाली. "तुझ्या दारात साऱ्या बोळातल्या बायका यायच्या, कुंकू लावून जायच्या. मी हितनं बघायची. पट्टा सुरूच ठेवायची त्या दिवशी, हसणं ऐकू येऊ नये म्हणून. समोर दार हाय गं तुझं. एकदा तरी हाक मारायचीस, हौसाक्का. एकदा."

हौसाक्कानं वळून आपल्या दाराकडं पाहिलं.

"रीत हाय ती," ती शेवटी म्हणाली. "मी काढली न्हाई."

"ठाऊक हाय."

"आणि भ्या वाटायचं मला. मालक अंथरुणात, आज हायत, उद्या न्हाईत. तुला लावलं आणि माझं पुसलं गेलं तर? असलं यायचं मनात. भाकर तुला कधी कमी केली न्हाई मी, शालन. पोर तुझी सांभाळली. तेवढंच जमलं न्हाई." ती जायला वळली. "पर घर गेलं की गं माझं. बोटभर कुंकवापायी."

ती समोर गेली आणि तिनं दार लावून घेतलं. ते दार दिवसा लागलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

वर्षभर दोघी बोलल्या नाहीत. बोळातल्या बायका दळण घेऊन लांबच्या गिरणीत जायला लागल्या. शालननं लाटकरांकडून बंगल्याची जागा घेतली, सोन्याच्या पाटल्या घेतल्या, काय वाट्टेल ते गावात उठलं. आईनं एकदाही खुलासा केला नाही. ओटी भरली म्हणून, हे सांगण्यापेक्षा पाटल्या घेतल्या हे तिला सोपं वाटत असावं.

पुन्हा संक्रांत आली. संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी आईनं दुपारी गिरणी बंद केली, मोरपंखी साडी नेसली आणि पायरीवर बसली. मी काही विचारलं नाही. बोलावणं आलं नव्हतं. उन्हं भिंतीवर चढेपर्यंत ती बसून राहिली. मग आत आली आणि साडीची घडी घालत म्हणाली, "विसरल्या असतील. लई बायका असत्यात त्येंच्याकडं." मालतीवहिनी मनापासून आल्या होत्या की नवऱ्यानं पाठवल्या होत्या, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मनापासून आल्या असतील तर पुन्हा का आल्या नाहीत, आणि नवऱ्यानं पाठवलं असेल तर फरशीवर बसून आईबरोबर तांदूळ कशाला वेचले?

उन्हाळ्यात लाटकरांची इमारत रिकामी झाली. बाकीची बिऱ्हाडं आधीच पांगली होती, हौसाक्का शेवटची. भावाच्या गावाला निघाली होती, गोठ्याशेजारची खोली त्यानं देऊ केली होती. टेम्पोत गादी घालून तिच्या नवऱ्याला झोपवलं, भांडी लावली. मग ती बोळ ओलांडून गिरणीत आली. हातात कुंकवाचा करंडा होता.

"जातो, शालन."

आईनं पट्टा उतरवला. दोघींमध्ये पिठाची धूळ तरंगत होती.

"मालकांस्नी जपून न्ये," आई म्हणाली. "खड्डं हायत रस्त्याला."

हौसाक्कानं करंडा उघडला, कुंकवात बोट बुडवलं आणि पुढं झाली. "इकडं ये."

आई मागं सरली, जात्याला टेकली. "नको, हौसाक्का."

"मला आता भ्या न्हाई. ये."

"मला हाय. एकदा लावून घेतलं तर तुझं घर गेलं. आता कुणाकडनं घेत न्हाई मी."

हौसाक्काचं बोट तसंच हवेत राहिलं. मग तिनं ते गिरणीच्या चौकटीला टेकवलं, करंडा मिटला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि ती गेली. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. आई आत उभीच होती.

"सुवी," ती म्हणाली, "मनापासनं लावलं असतं का गं तिनं?"

"असतं," मी म्हणाले.

"मग लावून घ्याला पायजे हुतं," आई म्हणाली, आणि हात पुसत बाहेर धावली. मीही गेले तिच्यामागं. बोळाच्या तोंडापर्यंत धावलो आम्ही, पण टेम्पो बाजाराच्या रस्त्याला लागला होता.